उत्तम शुक्रवारच्या सात वक्त्यांना बोलावताना

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीन या वेळात, येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांची उपासना होते. पेरूतल्या लिमा शहरात जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी सतराव्या शतकात सुरू केलेली ही पद्धत आज महाराष्ट्रातल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांतही (चर्चमध्येही) चांगली रुजली आहे. सात उद्गार, सात वक्ते. त्यातले निम्मे तरी बाहेरचे पाहुणे. एरवीच्या रविवारी एका पाहुण्याला सांभाळणं सोपं असतं. इथे मात्र सात जणांच्या बोलण्यातून एकच उपासना उभी राहायला हवी. ती उभी राहिली नाही, तर गेथशेमाने, म्हणजे येशूला अटक झाली ती बाग, ते कबर हा सगळा प्रवास लोक सात वेळा ऐकतात आणि दोन वाजल्यापासून घड्याळाकडे पाहू लागतात. माझ्या मते यात वक्त्याच्या वक्तृत्वाचा भाग थोडा आणि आपण त्यांच्याशी आधी काय बोललो याचा भाग मोठा असतो.

नावं नाताळाआधी ठरवा

२०२७ मध्ये उत्तम शुक्रवार २६ मार्चला येतो आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ १० फेब्रुवारीला, राखेच्या बुधवारी सुरू होतो. उपवासकाळ लागल्यावर फोन करायला घेतलात तर उशीर झालेला असतो, कारण त्या दुपारी प्रत्येक मंडळीला वक्ते हवे असतात. पाळक (पास्टर) तर आपापल्या मंडळीतच अडकलेले असतात. म्हणून निवृत्त पाळक, सेमिनरीतले (पाळक घडवणाऱ्या शाळेतले) शिक्षक आणि विद्यार्थी, शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या सिस्टर, बँकेतून निवृत्त झालेले काका यांचा विचार आधी करा. सार्वजनिक सुटी असल्याने नोकरदारांना येता येतं. दवाखान्यात ड्युटी असणाऱ्यांना मात्र लवकर विचारावं लागतं. पास्टोरेट कमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीने, यादी केली की सगळा संपर्क एकाच माणसाकडे सोपवा. सेक्रेटरी एक वेळ सांगतात आणि पाळकसाहेब दुसरी, अशी गत झाली की पाहुण्याला कुणाचं खरं मानावं ते कळत नाही.

कुणाला कोणता उद्गार

तिसरा उद्गार, ‘बाई, पाहा, हा तुझा मुलगा’, वर्षानुवर्षं महिला मंडळाकडे जातो. त्यात मरिया आहे, म्हणून स्त्री बोलणार, एवढंच कारण. एखाद्या वर्षी तो तरुण संघातल्या मुलाला द्या आणि ‘पूर्ण झाले आहे’ हा सहावा उद्गार एखाद्या ताईंना द्या. दोन्ही वचनं नव्याने ऐकू येतील.

चौथा उद्गार सर्वांत जड. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ज्या घरात त्या वर्षी तरुण माणूस गेला आहे, ते घर समोरच्या बाकावर बसलेलं असतं. हा उद्गार अनुभवी वक्त्याकडे द्या, आणि मंडळीत काय घडलं आहे ते त्यांना आधी सांगा. नावं सांगायची गरज नाही. ‘यंदा आमच्यात दोन अकाली मृत्यू झाले आहेत’ एवढ्यानेही वक्ता शब्द जपून वापरतो.

सविस्तर पत्र

पहिला फोन होकारासाठी. सविस्तर मजकूर फेब्रुवारीत लेखी पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, फक्त सगळं एकाच मेसेजमध्ये असू द्या. नमुना असा:

‘प्रभू येशूच्या नावात सलाम, ताई. २६ मार्चला आपण पाचव्या उद्गारावर, योहान १९:२८, संदेश देण्याचं मान्य केलंत याबद्दल आभार. उपासना १२ ते ३. आपली वेळ साधारण पावणेदोनची, संदेश १२ मिनिटांचा. कृपया साडेअकरापर्यंत यावं आणि शक्य असल्यास शेवटपर्यंत थांबावं. दीडेकशे माणसं असतात, निम्मी साठीच्या पुढची, मागे कॉलेजची मुलं. काही हिंदू शेजारीही येतात. जानेवारीपासून गावात पाण्याचे टँकर सुरू आहेत, हे आपल्या वचनाच्या दृष्टीने कळवते. आपल्या आधी चौथ्या उद्गारावर बोलणारे सर तीन तासांच्या अंधाराबद्दल सांगतील, तो भाग आपण घेतला नाही तरी चालेल. संदेशानंतर ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातलं कोणतं गीत घ्यावं, ते १० मार्चपर्यंत कळवावं. उपासनेचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकतो. आपली हरकत असल्यास नि:संकोच सांगावं.’

यातलं टँकरचं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. ‘मला तहान लागली आहे’ यावर बोलणारी ताई पुण्याहून येणार असेल, तर टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी राहिलेली बाई समोर बसली आहे हे तिला कोण सांगणार? वक्ता वचन अभ्यासून येईल. मंडळीची ओळख मात्र आपणच करून द्यायची असते.

सातही उद्गार, वक्ते आणि संदर्भ यांचा एक कागद सर्वांना पाठवा. मग कुणी दुसऱ्याच्या हद्दीत शिरत नाही. वचन कोणत्या भाषांतरातून वाचायचं तेही त्यात लिहा. बहुतेक मंडळ्यांत बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र असतं. काहींच्या हाती पंडिता रमाबाईंचं, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये छापून १९२४ साली प्रसिद्ध झालेलं भाषांतर असतं. वक्ता एक शब्द वाचतो आणि लोकांच्या पुस्तकात दुसराच असतो, तेव्हा लक्ष तिथेच तुटतं.

पहिल्या उद्गाराच्या वक्त्याशी आणखी एक गोष्ट स्पष्ट बोला. ‘त्यांना क्षमा कर’ यावरचा संदेश यहुदी लोकांवर दोषारोप करत जाऊ नये. क्षमेच्या वचनावर द्वेष पेरला जाणं ही फार दु:खाची गोष्ट आहे.

वेळेचा हिशेब वक्त्यांनाही दाखवा

तीन तास म्हणजे १८० मिनिटं. प्रत्येक उद्गाराला गीत ४, वाचन १, संदेश १२, प्रार्थना २ आणि शांतता २, अशी २१ मिनिटं धरली तर सातांची १४७ होतात. उरलेल्या ३३ मिनिटांत सुरुवात, अर्पण आणि समारोप. एकाने संदेश वीस मिनिटांवर नेला की शांतता आधी कापली जाते, मग गीत, आणि सातव्या वक्त्याला ‘जरा आवरतं घ्या’ अशी चिठ्ठी जाते. हा हिशेब पत्रासोबत पाठवला की बहुतेक जण स्वत:च घड्याळ लावून सराव करतात. दहाव्या मिनिटाला समोरच्या बाकावरचा कार्यकर्ता हात वर करील, हेही आधी सांगून ठेवा. ऐनवेळी खूण झाली तर वक्ता गोंधळतो.

वक्ता मराठी बोलत नसेल आणि दुभाषा असेल, तर १२ मिनिटांत मूळ बोलणं सहाच मिनिटांचं होतं. हे वक्त्याला पहिल्या फोनवरच सांगा आणि मजकूर दुभाष्याकडे आदल्या दिवशी पोहोचवा.

प्रवास आणि मानधन

याबद्दल बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो, म्हणून ते राहून जातं. एसटीचं किंवा गाडीचं भाडं मंडळी देणार का, मुक्कामाची सोय कुठे, हे पत्रातच लिहा. पाकीट खजिनदाराने उपासनेनंतर बाजूला नेऊन द्यावं. विद्यार्थ्याला खर्च मागायची वेळ आणू नये. तो मागणारही नाही.

आठवडाभर आधीचा फोन

या फोनवर जास्त त्यांनाच बोलू द्या. ‘संदेशाचा मुख्य मुद्दा काय घेताय?’ एवढं विचारलं की कुठे पुनरुक्ती होतेय ते कळतं. उपवास करणार आहेत का, मधुमेहाची औषधं चालू आहेत का, हेही विचारून घ्या. मार्चअखेरीच्या उन्हात तीन तास बसणाऱ्या वयस्कर वक्त्यासाठी पंख्याजवळची जागा, पाणी आणि खजूर तयार असू द्या. आयत्या वेळी कुणी आजारी पडलं तर पाळकसाहेबांनी कोणत्याही उद्गारावर बोलायची तयारी ठेवावी.

त्या दिवशी

साडेअकराला माइकवर प्रत्येकाला दोन वाक्यं बोलायला लावा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर माइक चालतो का, ते आदल्या दिवशीच पाहा. परिचय एका वाक्यात: नाव, गाव, उद्गार. शाल-श्रीफळ, हार, टाळ्या यातलं त्या दिवशी काहीही नको, आणि हे वक्त्यांनाही माहीत असावं, म्हणजे गैरसमज होत नाही. एकाचा संदेश संपला की दुसऱ्याने लगेच उठू नये, गीत संपेपर्यंत बसून राहावं.

नंतर

ईस्टरच्या गडबडीत आभार राहून जातात. सोमवारी प्रत्येकाला फोन करा आणि त्यांच्या संदेशातलं लोकांनी उल्लेख केलेलं एखादं वाक्य सांगा. कुणाला कोणता उद्गार दिला, किती मिनिटं लागली, कोणतं गीत लोकांना येत नव्हतं, हे मिनिट बुकात, म्हणजे बैठकीच्या नोंदवहीत, टिपून ठेवा. पुढच्या डिसेंबरच्या बैठकीत तेच पान पहिल्यांदा उघडावं लागेल.