कृत्तिका अर्ध्या प्रकाशवर्षावर? ताऱ्यांची अंतरं काढताना या चुका टाळा

युरोपच्या गाया यानाचा डेटा कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. हे यान डिसेंबर 2013 मध्ये निघालं आणि जानेवारी 2025 पर्यंत आकाश मोजत राहिलं. 2022 मध्ये आलेल्या त्याच्या यादीत सुमारे 146 कोटी ताऱ्यांचे पराशय आहेत. पराशय म्हणजे पॅरलॅक्स. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो, तो कोन. लॅपटॉप उघडून एखाद्या तारकागुच्छाचं अंतर काढणं आज बारावीतल्या मुलालाही जमेल. चुकायलाही तेवढाच वेळ लागतो.

मी पहिल्यांदा कृत्तिकांचं अंतर काढलं तेव्हा उत्तर आलं 0.44 प्रकाशवर्ष. सूर्य सोडला तर आपला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा, आणि तोसुद्धा 4.24 प्रकाशवर्षांवर. म्हणजे सगळ्या कृत्तिका आमच्या ओसरीवरच येऊन बसल्या होत्या.

घोळ एककाचा होता. विकला (आर्कसेकंद) म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. 1 ला विकलांमधल्या पराशयानं भागलं की अंतर पार्सेकमध्ये मिळतं. गायाच्या रकान्यात मात्र पराशय मिलीआर्कसेकंदात, म्हणजे विकलेच्या हजाराव्या भागात, दिलेला असतो. कृत्तिकांचा पराशय साधारण 7.35. मी 1 भागिले 7.35 केलं होतं, करायला हवं होतं 1000 भागिले 7.35. उत्तर येतं 136 पार्सेक. एक पार्सेक म्हणजे 3.26 प्रकाशवर्षं, तेव्हा अंतर झालं सुमारे 444 प्रकाशवर्षं. आता बरोबर.

दुसरा घोळ सहा महिन्यांचा. जानेवारीत आणि जुलैत फोटो काढून ताऱ्याचं सरकणं मोजलं, तर पाया पृथ्वीच्या कक्षेच्या पूर्ण व्यासाचा, म्हणजे 30 कोटी किलोमीटरचा असतो. पराशयाची व्याख्या मात्र पृथ्वी-सूर्य अंतरावर बांधलेली आहे, 15 कोटी किलोमीटरवर. मोजलेलं सरकणं निम्मं करायला विसरलात की तारा निम्म्या अंतरावर येतो.

उणे आकडे पुसू नका

गायाच्या यादीत उणे पराशय दिसला की नवखा माणूस दचकतो. कोन उणा कसा असेल? खरा कोन उणा नसतोच, मोजलेला आकडा असू शकतो. खरा पराशय 0.1 आणि मोजण्यातली त्रुटी 0.3 असेल, तर काही वेळा उत्तर शून्याखाली जाणारच. बहुतेक जण इथे त्या ओळी सरळ डिलीट करतात. दूरच्या गुच्छाच्या बाबतीत ही चूक महागात पडते. खाली घसरलेले आकडे काढले, वर उसळलेले ठेवले, मग सरासरी वर सरकते आणि गुच्छ आहे त्यापेक्षा जवळ दिसतो.

दुसरं असं की प्रत्येक ताऱ्याचं अंतर काढून मग अंतरांची सरासरी घेऊ नका. आधी पराशयांची सरासरी घ्या, ज्याची त्रुटी कमी त्याला वजन जास्त द्या, आणि भागाकार शेवटी एकदाच करा. कारण साधं आहे. पराशय 1 मिलीआर्कसेकंद आणि त्रुटी 0.5 असेल, तर एका टोकाला अंतर 667 पार्सेक येतं आणि दुसऱ्या टोकाला 2000. मधला आकडा 1000. एका बाजूला 333 ची चूक, दुसऱ्या बाजूला 1000 ची. ही चूक सरासरीत फिटत नाही, साठत जाते. एकट्या ताऱ्याची त्रुटी पराशयाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त असेल, तर मी नुसत्या भागाकारावर विसंबत नाही.

गायाच्या पराशयांत मुळातच एक बारीक उणेपणाही आहे. क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं, इतके दूर असतात की त्यांचा पराशय शून्यच यायला हवा, पण 2022 च्या यादीत तो सरासरी उणे 0.017 मिलीआर्कसेकंदाच्या आसपास येतो. कृत्तिकांसाठी हे किरकोळ आहे. 5000 पार्सेकवरच्या ताऱ्याचा खरा पराशय 0.2 असतो, तिथे हीच खोट अंतर 5460 पार्सेकपर्यंत नेते. ही दुरुस्ती ताऱ्याच्या तेजावर आणि रंगावरही अवलंबून असते, म्हणून सगळ्यांना एकच आकडा चिकटवू नका.

आणि गुच्छात घुसलेले परके तारे? कृत्तिका दर वर्षी आकाशात पूर्वेला सुमारे 20 आणि दक्षिणेला सुमारे 45 मिलीआर्कसेकंद सरकतात, सगळ्या एकाच दिशेनं, वारीतल्या दिंडीसारख्या. जो तारा भलतीकडेच चाललाय तो रस्त्यावरचा बघ्या. त्याला वगळा.

अंतर कुणी मोजलं ते विचारा

गायाच्या आधी हिपार्कस यान होतं, त्यानं 1989 ते 1993 निरीक्षणं केली. त्याच्या मते कृत्तिका सुमारे 120 पार्सेकवर. तेजावरून काढलेलं अंतर 130 च्या पुढे. या वादात बरीच वर्षं गेली. 2014 मध्ये रेडिओ दुर्बिणींनी 136 म्हटलं आणि पुढे गायानंही तेच सांगितलं. जुन्या पुस्तकातला 120 चा आकडा आजही फिरताना दिसतो.

काक्षीची गोष्ट याहून गमतीची. मृगातला हा तांबडा तारा कुठे 430 प्रकाशवर्षांवर छापलेला असतो, कुठे 640, कुठे 720, तर कुठे 550. छपाईची चूक नाही. तारा इतका फुगलेला आहे की त्याची आकाशातली थाळीच त्याच्या पराशयाच्या कितीतरी पट मोठी आहे, आणि त्या थाळीवर तेजस्वी ठिगळं उमटतात, विरतात. मग नेमकं काय सरकलं, तारा की ठिगळ? गायाला तर तो डोळे दिपवण्याइतका तेजस्वी पडतो.

तेजस्वी म्हणजे जवळचा, हेही मनातून काढा. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलनं 1838 मध्ये ताऱ्याचं अंतर पहिल्यांदा पटण्यासारखं मोजलं, तेव्हा त्यानं हंस तारकासमूहातला ठळक तारा घेतला नाही. त्यानं घेतला 61 सिग्नी, जेमतेम डोळ्यांना दिसणारा, पण वर्षाला पाच विकलांहून जास्त पळणारा. जवळचा असेल तोच असा पळताना दिसेल, हा त्याचा कयास. त्याला 0.314 विकला मिळाल्या, आज आपण 0.286 म्हणतो.

धूळ आणि चुकीचे दिवे

पराशय संपला की तेजाचा आधार घ्यावा लागतो. दिवा मुळात किती तेजस्वी आहे ते माहीत असेल, तर दिसतो किती यावरून अंतर निघतं. घाटात धुक्यातून समोरून गाडी आली की तिचे दिवे मिणमिणते दिसतात आणि गाडी लांब आहे असं वाटतं. आकाशात धुक्याचं काम धूळ करते. ताऱ्यांचं तेज प्रतींमध्ये मोजतात. धुळीनं तेज एका प्रतीनं घटलं आणि तुम्ही ते धरलं नाही, तर अंतर 58 टक्क्यांनी फुगतं. धुळीमागचा तारा मंद होतो तसा तांबूसही होतो. त्याचा रंग आधी तपासा.

दिवाच चुकीचा ओळखला तर? हेन्रिएटा लेव्हिट यांनी 1912 मध्ये सेफीड ताऱ्यांचा नियम मांडला: तेजाच्या चढ-उताराला जितके जास्त दिवस, तितका तारा मूळचा तेजस्वी. 1923 मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलला देवयानी दीर्घिकेत असा तारा सापडला आणि अंतर निघालं सुमारे 9 लाख प्रकाशवर्षं. आज आपण 25 लाख मानतो. 1952 मध्ये वॉल्टर बाडे यांनी दाखवलं की सेफीड दोन जातींचे असतात आणि एकीचं माप दुसरीला लावलं गेलं होतं. त्या एका दुरुस्तीनं दीर्घिकांची अंतरं जवळपास दुप्पट झाली. त्याआधी विश्वाचं वय 200 कोटी वर्षांच्या आसपास निघायचं आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून म्हातारे ठरायचे.

रेडशिफ्ट जवळ वापरू नका

दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश तांबड्याकडे सरकतो, ती रेडशिफ्ट, आणि तिच्यावरून वेग कळतो. दूर जाण्याचा वेग भागिले हबल स्थिरांक (विश्व किती वेगानं फुगतंय याचं माप), झालं अंतर. देवयानीला हे सूत्र लावून बघा. ती सेकंदाला 300 किलोमीटरनं आपल्याकडे येतेय, अंतर उणे येईल. कन्या राशीतली एम 86 दीर्घिका तर 5 कोटी प्रकाशवर्षांवर असूनही आपल्याकडेच सरकतेय. दीर्घिकांना स्वतःचे काहीशे किलोमीटरचे वेग असतात. 700 च्या वेगात 300 ची भर म्हणजे गोंधळ, 7000 मध्ये ती खपून जाते. स्थिरांक 67 घेतला की 73, तेही लिहा. त्या दोहोंतला तिढा अजून सुटलेला नाही.

शेवटचा घोळ बातम्यांमध्ये रोज दिसतो. जीएन-झेड11 या दीर्घिकेचा प्रकाश 1340 कोटी वर्षं प्रवास करून आला, म्हणून ती 1340 कोटी प्रकाशवर्षांवर आहे असं छापतात. प्रकाश वाटेत असताना विश्व फुगत राहिलं, त्यामुळे आज ती सुमारे 3200 कोटी प्रकाशवर्षांवर आहे. यातला कुठला आकडा लिहिताय ते त्याच्याशेजारी शब्दांत लिहा.