बक्षिसाला वर्गणी मिळते, खुराकाला मिळत नाही: मुलांच्या खेळासाठी निधी उभारताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात खेळासाठी पैसा निघत नाही असे कुणी म्हणू नये. यात्रेच्या कुस्ती मैदानाला गाव हौसेने वर्गणी देते, टेनिस बॉल क्रिकेटच्या पहिल्या बक्षिसाला प्रायोजक पटकन उभा राहतो. घोडे अडते ते वर्षभराच्या सरावापाशी. वडगाव-खासबागच्या विणकराची मुलगी, निपाणीत विड्या वळणाऱ्या आईचा मुलगा, खानापूरच्या जंगलातल्या गवळीवाड्यावरची पोरे यांना रोज संध्याकाळी हजर असणारा शिक्षक हवा, पायात बूट हवेत, सरावानंतर पोटात काहीतरी हवे. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकरी घरातल्या मलप्रभा जाधवने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक आणले. असे पदक वर्षानुवर्षांच्या सरावातून येते, आणि त्या सरावालाच आपण पैसे मागत नाही. पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच.

दुसरी चूक म्हणजे "मुलांसाठी काहीतरी मदत करा" असे मोघम मागणे. देणाऱ्यालाही किती द्यावे ते कळत नाही, मग तो ५०१ रुपयांची पावती फाडून मोकळा होतो. कागदावर हिशेब मांडा. ३० मुले, महिन्याला सरावाचे २५ दिवस, रोज एक अंडे म्हणजे ७५० अंडी. ७ रुपये दराने ५,२५० रुपये. शिक्षकाचे मानधन, बूट, प्रथमोपचार पेटी, मैदानाचे वीजबिल असेच वेगवेगळे लिहा. प्रवासखर्च मांडताना लक्षात ठेवा की शक्ती योजनेमुळे २०२३पासून कर्नाटकातल्या मुलींना राज्याच्या साध्या सरकारी बसने मोफत जाता येते, तेव्हा भाडे मुलग्यांचेच धरा. असा कागद पुढे ठेवला की एखादा दुकानदार "महिन्याची अंडी माझ्याकडे लागली" असे आपणहून म्हणतो.

चुकीच्या दारात उभे राहणे

इथे जास्त वेळ देतो, कारण मंडळांची खरी दमछाक इथेच होते. "कारखान्याकडे सीएसआर असतो" असे ऐकून लोक साखर कारखान्यात अर्ज घेऊन जातात. सीएसआरची, म्हणजे कंपनीने नफ्यातला वाटा समाजकार्यावर खर्चण्याची, सक्ती २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ने येते. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक तरी मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात. संकेश्वरचा हिरण्यकेशी किंवा निपाणीचा हालसिद्धनाथ हे सहकारी कारखाने आहेत, कंपन्या नव्हेत. त्यांना हे कलम लागू नाही. तिथे संचालक मंडळाकडे देणगी म्हणून मागा, सीएसआरचे नाव काढू नका. जिल्ह्यातल्या खासगी कारखान्यांची गोष्ट वेगळी.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या बहुतेक फाउंड्री या मर्यादांच्या कितीतरी खाली आहेत. पण ओतकाम त्यांच्या हातचे आहे. वजनाच्या प्लेटा, गोलपोस्ट, कबड्डीच्या चटया ठेवायची मांडणी अशी वस्तू मागितली तर रोख पैशापेक्षा लवकर हो म्हणतात.

मोठ्या कंपनीकडे जाताना स्पर्धेचा प्रस्ताव नेऊ नका. ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ आणि ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये, म्हणजे सीएसआरच्या कामांच्या यादीत, बसते. एकदाच होणारी मॅरेथॉन किंवा जाहिरातीसाठीचे प्रायोजकत्व बसत नाही. कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो, म्हणून बेंगळुरूच्या मुख्यालयाला पत्रे पाठवत बसण्याआधी आपल्या भागात प्रकल्प असलेली कंपनी शोधा. संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरची कामे घेण्यासाठीची), १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी), ८०जी (देणगीदाराला करसवलत) आणि ३ वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. मंडळ नवे असेल तर हे सगळे असलेल्या जुन्या शिक्षणसंस्थेशी लेखी करार करून तिच्यामार्फत अर्ज करा.

खासदार-आमदार निधीतून मैदान, कुंपण, व्यायामशाळा होते. शिक्षकाचे मानधन होत नाही. कुलूप लागलेल्या व्यायामशाळा आपण गावोगाव पाहतो. इमारत मागण्याआधी ती रोज उघडणार कोण, ते ठरवा.

कागद, खाते, भाषा

खजिनदाराच्या फोनवर वर्गणी घेणे आजच बंद करा. माणूस कितीही सचोटीचा असो, वर्षभराने त्याच्यावरच बोट उठते. कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६०खाली नोंदणी करा, दोन सह्यांचे खाते उघडा आणि दरवर्षी सर्वसाधारण सभा घेऊन लेखापरीक्षित हिशेब व कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्या. कोल्हापूर-पुण्याचे देणगीदार धर्मादाय आयुक्तांचा क्रमांक मागतात. तो महाराष्ट्रातल्या संस्थांना असतो. त्यांना १९६०च्या कायद्याचे प्रमाणपत्र दाखवा आणि हा फरक पहिल्याच पत्रात लिहा.

करसवलतीचे आश्वासन सांभाळून द्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्या पगारदाराला ८०जीचा लाभच मिळत नाही. आखातात काम करणारा गावचा पोरगा भारतीय पासपोर्टवर असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याकडून मात्र एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या परवानगीशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

सरकारी अर्ज कन्नडमध्येच द्या. मराठीवर आपले प्रेम आहे आणि ते राहणारच. पण मुलाचा अर्ज भाषेमुळे टेबलावर पडून राहता कामा नये. कन्नड चांगले लिहिणारे शेजारी आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत.

मुलांची लाज राखा

फाटक्या कपड्यातल्या मुलाचा फोटो फलकावर छापून वर्गणी मागू नका, याबद्दल मला फार तीव्रतेने वाटते. ते मूल उद्या त्याच शाळेत जाणार असते. फोटो वापरायचाच तर खेळतानाचा, आईवडिलांच्या लेखी संमतीने. मुलींच्या सरावाला बाई प्रशिक्षक किंवा एखादी पालक हजर असावी आणि तिचे मानधन अंदाजपत्रकात असावे.

हजेरी घसरली आणि देणगीदार नाराज झाला, तर?

ऊसतोडीच्या हंगामात काही मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात. जांबोटी-कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर मैदानात पाय ठेवता येत नाही. हे अर्जातच महिनावार लिहा, पावसाळ्यासाठी शाळेचा वऱ्हांडा किंवा समाजमंदिर मागून ठेवा, आणि हजेरीच्या वहीत गैरहजेरीपुढे कारण लिहा. ही वही दर तीन महिन्यांनी, न मागता, देणगीदाराला दाखवा. खर्चाच्या पावत्याही सोबत न्या.