खेळण्यातला बंब खऱ्या फायर ब्रिगेडसारखा कसा करायचा

खेळण्यातला कुठलाही बंब बघा, अंगभर लाल, बाजूला मोठ्या अक्षरात फायर, वर निळे किंवा लाल दिवे, झालं. खरा बंब असा नसतो. प्रत्येक दलाचा रंग, पट्टे, दिवे, नंबर टाकायची जागा सगळं वेगळं असतं आणि ओळख त्याच्यावरच पटते, लाल रंग तर सगळ्यांकडेच आहे. म्हणून हातात ब्रश घ्यायच्या आधी एक गोष्ट नक्की करा, कुठल्या दलाची कुठली गाडी आणि साधारण कुठल्या वर्षातली. "लंडनचा बंब करतोय" एवढ्यावर भागत नाही, कारण एकाच दलात दहा वर्षांत गाडी, पट्टे आणि जवानांचे कपडे सगळं बदलतं, आणि नव्या गाडीशेजारी जुन्या गणवेशातला जवान उभा केला की माहितगार माणसाला ते लगेच खटकतं.

फोटो जमवताना पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि जमलं तर वरून असे पाच तरी घ्या, सगळे त्याच एका गाडीचे. आणि ते नुसते बघू नका, वाचा. दिव्यांचा रंग आधी बघा, युरोपात जवळपास सगळीकडे निळे, जपानमध्ये लाल, अमेरिकेत बहुतेक लाल-पांढरे. शिकागोची गाडी असेल तर खालचा भाग लाल आणि वरचा काळा, शिवाय तिच्यावर एक हिरवा दिवा असतो आणि तो उजव्या बाजूलाच, डावीकडे लाल, बोटींवर असतात ना तसे. हा एक हिरवा ठिपका बरोबर जागी पडला की तुमची गाडी शिकागोची झाली! न्यूयॉर्कची लाल पण वरून पांढरी. ब्रिटनच्या बऱ्याच गाड्यांवर बाजूला लाल-पिवळे चौकोन आळीपाळीने, त्याला बॅटनबर्ग म्हणतात. जर्मनीत पारंपरिक लाल म्हणजे राल ३००० (राल म्हणजे रंगांना ठरवून दिलेले नंबर), पण बऱ्याच दलांकडे राल ३०२४ हा चमकणारा लाल असतो आणि तो साध्या लाल डबीतून कधीच येणार नाही, फ्लुरोसंट रंगच लागतो. विमानतळाचा बंब करत असाल तर पिवळट हिरवा खूप ठिकाणी दिसेल.

आता खेळणं निवडताना रंगाकडे अजिबात बघू नका, आकार बघा, रंग आपण बदलणारच आहोत. अमेरिकन बंबाची केबिन खास बंबासाठीच बांधलेली, रुंद आणि सपाट नाकाची असते. युरोपातले बंब बहुतेक मर्सिडीज, मॅन, स्कॅनिया अशा ट्रकवर बांधलेले, आणि ब्रिटिश गाडीवर शिडी टपावर आडवी पडलेली दिसते. अमेरिकन खेळण्याला कितीही सुंदर रंगवा, तो लंडनचा दिसणार नाही. सिकू, माजोरेट, मॅचबॉक्स, टोमिका या कंपन्यांच्या गाड्यांतून जवळचा आकार शोधा, आणि १:८७ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान, काम करायचं असेल तर हेर्पा, रीत्से, बुश यांची मॉडेल्स मुळातच इतकी बारकाईने केलेली असतात की नुसते नंबर आणि पट्टे बदलून भागतं. (कंपनीच्या परवानगीशिवाय बदललेल्या मॉडेलला कलेक्टर लोक कोड ३ म्हणतात, कोड १ म्हणजे कंपनीने स्वतः काढलेलं, कोड २ म्हणजे परवानगीने बदललेलं. विकताना हे स्पष्ट सांगायचं, आणि दलाचं बोधचिन्ह वापरून विकायचं असेल तर परवानगीचं आधी बघायचं.)

मग स्केल काढा, हे न करता पुढे जाऊ नका. खिशात मावणाऱ्या गाड्या सगळ्या एका स्केलच्या नसतात, डब्यात बसतील अशा केलेल्या असतात. खरी गाडी ८ मीटर आणि खेळणं साडेसात सेंटीमीटर असेल तर ८००० भागिले ७५, म्हणजे १:१०७ च्या आसपास. आता प्रत्येक माप याच आकड्याने भागायचं, खऱ्या गाडीवर १५० मिमीचा पट्टा असेल तर इथे तो १.४ मिमी. अंदाजाने केलेले पट्टे नेहमी जाड होतात आणि मग गाडी परत खेळण्यासारखीच दिसायला लागते.

धातूची गाडी खालून रिव्हेटने बंद असते. रिव्हेटच्या मधोमध टोच्याने खूण करा, आधी बारीक, मग ३ मिमीच्या आसपासचं ड्रिल बिट लावून फक्त वरचं डोकं उडवा, खोल जाऊ नका, आत नंतर स्क्रू बसवायला जागा राहिली पाहिजे. उघडल्यावर लगेच फोटो काढा, काचेचा तुकडा आणि सीट नेमके कसे बसलेत हे नंतर आठवत नाही. धातूच्या बॉडीचा रंग पेंट रिमूव्हरने निघतो, हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. प्लास्टिकला मात्र रिमूव्हर किंवा अ‍ॅसिटोन लावायचं नाही, वितळतं. आणि खूप जुनं खेळणं असेल तर कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं, ती धूळ नाकात जायला नको.

साबणाने धुवा, वाळवा, मग प्रायमर. लाल रंगाखाली पांढरा प्रायमर मारा, करड्यावर तोच लाल मळकट दिसतो. पांढरं-लाल असं दोन रंगी असेल तर पांढरा आधी, पूर्ण वाळू द्या, मास्किंग टेप लावा, टेपची कड नखाने दाबा आणि कडेवर पुन्हा पांढऱ्याचाच एक हलका हात मारा म्हणजे जी काही फट असेल ती पांढऱ्यानेच बुजते, मग लाल. रेघ धारदार येते. रंग पातळ थरांत, एकदम जाड मारला तर दरवाज्यांच्या कोरलेल्या रेघा भरून जातात.

खरी मजा डीकलमध्ये (पाण्यात भिजवून गाडीवर सरकवायचं पातळ छापील चित्र) आहे, आणि खरा वेळही तिथेच जातो. ते छापायचा वॉटरस्लाइड पेपर दोन प्रकारचा मिळतो, पारदर्शक आणि पांढरा. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे लाल गाडीवर पांढरा नंबर हवा असेल तर पारदर्शक पेपर उपयोगाचा नाही. पांढऱ्या पेपरवर लाल पार्श्वभूमी छापून नंबर कोरा सोडता येतो पण तो लाल गाडीच्या लालशी जुळवणं फार जिकिरीचं, त्यापेक्षा घासून उमटवायची तयार पांढरी अक्षरं घ्यावीत असं माझं मत. इंकजेटवर छापलं तर आधी दोन-तीन पातळ हात क्लिअरचे (पारदर्शक वॉर्निश) मारा नाहीतर पाण्यात शाई वाहून जाईल. आणि डीकल नेहमी चकचकीत पृष्ठभागावर लावायचं, मॅटवर लावलं तर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. दरवाज्याच्या फटीवरून जाणारं डीकल वाळलं की ब्लेडने फटीत कापायचं आणि सेटिंग सोल्यूशन (डीकल मऊ करणारं द्रव) लावायचं, मग ते आत बसतं आणि छापल्यासारखं न वाटता रंगवल्यासारखं वाटतं.

मागचे तिरपे पट्टे नीट करा. अमेरिकेत एनएफपीए १९०१ या बंबांसाठीच्या मानकाच्या २००९ च्या आवृत्तीपासून नव्या गाड्यांच्या मागच्या बाजूचा निम्मा तरी भाग अशा पट्ट्यांनी झाकलेला लागायचा, ६ इंची, ४५ अंशात, मधल्या रेषेपासून बाहेर खाली उतरणारे. म्हणजे डावा अर्धा आणि उजवा अर्धा एकमेकांचे आरसे, वर मध्यभागी टोक. उलटे लावले की व्ही होतो आणि ते चूक. त्याच्या आधीच्या गाडीवर हे पट्टे बऱ्याचदा नसतातच, म्हणूनच वर्ष आधी ठरवा म्हटलं.

दिव्यांना साधा निळा किंवा लाल फासू नका. खाली चांदी रंग, त्यावर पारदर्शक रंग, तामिया कंपनीचा एक्स-२३ निळा आणि एक्स-२७ लाल या कामाला छान. काच असल्यासारखं वाटतं.

आता जवान. प्लेमोबिलचा खेळण्यातला माणूस साडेसात सेंटीमीटरचा, लेगोचा चारच्या आसपास, आणि १:८७ साठी प्रायझर कंपनीचे. प्लास्टिकवरचं छापील चित्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा मेटल पॉलिशने चोळून निघतं, धीराने चोळा. सुरुवात हेल्मेटपासून करा कारण ओळख तिथेच आहे. ब्रिटनमध्ये साध्या जवानाचं पिवळं, वरच्या अधिकाऱ्यांचं पांढरं. न्यूयॉर्कमध्ये काळं, समोरच्या फलकाचा रंग जवानाच्या तुकडीप्रमाणे, इंजिनचा (पाणी मारणारी) काळा, लॅडरचा (शिडीवाली) लाल, रेस्क्यूचा (सुटका करणारी) निळा, चीफचं हेल्मेटच पांढरं. पॅरिसच्या दलाचं चंदेरी चकचकीत, १९८५ पासूनचं, त्याला ब्रशने चांदी लावली तर करडं दिसतं, क्रोम मार्करच वापरा. टोकियोच्या रेस्क्यूवाल्यांचा गणवेश नारिंगी.

कोटावरचे पट्टे म्हणजे पिवळ्याच्या मधोमध चंदेरी, छातीवर, खालच्या कडेला आणि बाह्यांच्या टोकाला. खरा पट्टा ३ इंची, प्लेमोबिलवर तो ३ मिमीच्या आसपास येतो. ब्रशने सरळ येणार नाही, पिवळ्या डीकलची पट्टी कापा आणि वरून १ मिमीची चंदेरी. बाह्या फिरतात तिथे पट्टी सांध्यापासून जरा लांब ठेवा, नाहीतर दोनदा हात हलवला की सोलून येते.

धूळ-चिखल दाखवायचा मोह आवरा. बंब सतत धुतले जातात, चाकांच्या खाचेत आणि पायरीवर हलकासा मळ पुरे. शेवटी क्लिअर कोट, गाडीला चकचकीत, जवानाच्या कपड्यांना मॅट, हेल्मेटला परत चकचकीत. आणि घरात लहान मूल असेल तर हा बंब त्याच्या हाती द्यायचा नाही, आपण मारलेले रंग तोंडात घालण्यासाठी नसतात आणि स्क्रूने जोडलेली गाडी उघडू शकते. त्याच्यासाठी न उघडलेली दुसरी गाडी ठेवा आणि हवं तर तिच्यावर नुसते स्टिकर लावून द्या.