तोरेसेन ऐकण्याआधी: पाइपचं अलगूज, प-सा-प-रे आणि लंगडा स्प्रिंगार

नॉर्वेचे रचनाकार लासे तोरेसेन यांचं संगीत पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. सूर उतरल्यासारखे वाटतात आणि सम हाताला लागत नाही. दोन्हींचं मूळ नॉर्वेच्या खेड्यातल्या वाद्यांत आणि नाचांत आहे. ते वाचून कळत नाही, एकदा हाताने करून बघावं लागतं. हार्मोनियमवर कान तयार झालेल्यांना तर जास्तच. म्हणून हे काम दोन-तीन रविवारांचं आहे: एक फुंकवाद्य बनवायचं, व्हायोलिनची एक तार बदलायची, एक ठेका पायात बसवायचा आणि मग ऐकायला बसायचं.

आधी थोडी ओळख. तोरेसेन यांचा जन्म १९४९ सालचा, ऑस्लोचा. तिथल्याच नॉर्वेजियन संगीत अकादमीत त्यांनी वर्षानुवर्षं रचना शिकवली. नॉर्वेचं लोकसंगीत, नादाच्या पोटातले उपस्वर उलगडून बघणारे फ्रेंच रचनाकार, आवाजाचं वर्गीकरण करणारे प्येर शेफेर आणि स्वतःचा बहाई धर्म, हे त्यांच्या प्रेरणेचे चार झरे. इस्रायलमधल्या हैफाच्या बहाई उद्यानाच्या पायऱ्या २००१ साली खुल्या झाल्या, तेव्हाचं एक गायन-वाद्यवृंद काव्य त्यांचंच. ‘ओपस ४२’ या कंठसंगीताच्या रचनांना २०१० साली नॉर्डिक कौन्सिलचा संगीत पुरस्कार मिळाला. यांतला लोकसंगीताचा झरा आपल्याला सगळ्यांत सोपा, म्हणून तिथून सुरुवात.

पाइपचं अलगूज

नॉर्वेत वसंतात विलोच्या फांदीत रस चढला की साल सुटी होते. ती नळीसारखी ओढून काढतात आणि बिनभोकांची बासरी करतात. तिचं नाव सेल्येफ्लॉयटे. साल वाळली की वाद्य संपलं. मूळ वाद्य आडवं धरून फुंकतात. इथे उभं, अलगुजासारखं करू, कारण ते पहिल्या प्रयत्नात जमतं. पीव्हीसी वापरायला लाजू नका, नॉर्वेतही आता प्लास्टिकच्या सर्रास वाजतात.

सामान म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल: २० मिमीचा पीव्हीसी वायरिंग पाइप, बारीक दातांचं करवत, चपटी कानस, १२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर. पाइप तीन मीटरचा मिळतो, त्यात चार वाद्यं निघतात. वाइनच्या बाटलीचं एक बूच लागेल. गोव्यात याची टंचाई नाही, फक्त ते खऱ्या कॉर्कचं हवं. प्लास्टिकचं बूच घासलं की चुरतं.

पाइपचा ७० सेंमीचा तुकडा कापा. एका टोकापासून ३ सेंमीवर खिडकी आखा: रुंदी ९ मिमी, लांबी ६ मिमी. तोंडाकडची कड सरळ उभी कापायची. समोरची कड बाहेरून आत उतरती कानसायची, इतकी की पाइपच्या आतल्या पृष्ठभागापाशी पातळ धार उरेल. उतार लांब ठेवा, दीड सेंमी तरी. पाइप घासताना पेपर ओला ठेवा, ती पूड नाकात जाऊ नये.

बूच घासून पाइपमध्ये घट्ट बसेल असं करा, लांबी ३ सेंमी. मग त्याची एक बाजू सव्वा ते दीड मिमी सपाट करा. ही सपाटी वर, खिडकीच्या रेषेत ठेवून बूच आत सरकवा. त्याचं आतलं टोक खिडकीच्या सरळ कडेशी नेमकं थांबलं पाहिजे. सपाटी आणि पाइप यांमधली फट हीच वाऱ्याची वाट.

आता हळू फुंका. नुसता फुसफुसाट आला तर वाऱ्याची वाट फार उंच आहे किंवा धारेवर बुरी (कापल्याची खरखरीत कुसळं) राहिली आहे. बुरी ४०० नंबरने काढा, तरी सुधारलं नाही तर नवं बूच कमी घासून बसवा. खालचे स्वर नीट पण वरचे चढतच नाहीत, तर खिडकी लांब झाली आहे. बूच एखादा मिमी पुढे ढकलून बघा. उलट सगळं किंचाळतंय आणि खालचं काही धरत नाही, तर खिडकी आखूड आहे, धार अर्धा मिमी मागे घ्या. वाद्य पाच मिनिटांत मुकं झालं तर दोष तुमचा नाही, वाटेत थुंकी साचली आहे. खिडकीवर बोट ठेवून जोरात फुंकलं की निघते.

खिडकीपासून शेवटापर्यंत ६७ सेंमी असताना सूर पांढरी एकच्या (पेटीवरच्या सी च्या) खाली येईल. तो शेवटाकडून छाटून वर आणायचा. इथे १ सेंमी कमी केलं की सूर सुमारे २६ सेंट चढतो. अर्धस्वर १०० सेंटचा. एका वेळी ५ मिमीपेक्षा जास्त छाटू नका, कापलेलं परत चिकटत नाही. हवेचंही एक गणित आहे. २० अंशांची हवा ३० अंशांवर गेली की आवाजाचा वेग वाढून सूर जवळजवळ ३० सेंट वर जातो. त्यामुळे नॉर्वेतून कुणी दिलेल्या मापाचं वाद्य मे महिन्यात पेडण्याला चढंच वाजणार.

वाजवायची रीत अशी: भोकं नाहीत, शेवटचं टोक बोटाने उघडं किंवा बंद आणि फुंकेचा जोर, एवढंच हातात. टोक उघडं असताना उपस्वरांतले (मूळ नादाच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतल्या स्वरांतले) सम क्रमांक निघतात, बंद केलं की विषम. आठव्याला सा धरा. ८ उघडं सा, ९ बंद रे, १० उघडं ग. १२ उघडं प, १५ बंद नी, १६ उघडं तार सा. खाली ६ उघडं म्हणजे मंद्र प.

मधले तीन मुद्दाम वेगळे ठेवले. अकरावा, बंद टोकाचा, सा पासून ५५१ सेंटवर येतो. शुद्ध मध्यम ४९८ वर, तीव्र मध्यम ५९० च्या आसपास. हा बरोबर दोघांच्या मधोमध बसतो. तेरावा ८४१ वर, कोमल आणि शुद्ध धैवताच्या मध्ये. चौदावा ९६९ वर, पेटीच्या कोमल निषादापेक्षा ३१ सेंट खाली. सा पांढरी एक असेल तर ट्यूनरच्या ॲपवर अकरावा ‘एफ अधिक ५१’ किंवा ‘एफ शार्प उणे ४९’ असा दिसेल. पाइपच्या गुणाने पाच-सात सेंट इकडेतिकडे होतील, ते चालायचंच.

इथे गाणाऱ्यांचा हात हमखास चुकतो, म्हणजे कानच चुकवतो. अकराव्याला ते नकळत फुंक वाढवून तीव्र मध्यमाकडे ओढतात. पेटी बंद करा आणि नुसत्या प-साच्या तानपुऱ्यावर दहा मिनिटं ८-९-१०-११-१२ वर-खाली करत राहा. तो स्वर ‘चुकलेला म’ वाटायचा थांबला की समजा काम झालं. आइविन ग्रोवेन या नॉर्वेच्या संगीतकाराने १९२७ साली याच निसर्गश्रेणीवर पुस्तक लिहिलं. जुन्या गायकांचे ‘बेसूर’ स्वर याच नळीतून आले, असं त्याचं म्हणणं. तोरेसेन यांच्या रचनेत असा स्वर आला की तो चूक म्हणून ऐकू नका. तो अकरावा किंवा तेरावा आहे का, ते तपासा.

म-सा-प-रे वरून प-सा-प-रे

हार्डांगर फिडल दिसायला व्हायोलिनच, पण वाजत्या चार तारांखाली चार-पाच तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप गुंजणाऱ्या तारा असतात, आणि घोडी जास्त सपाट, म्हणून दोन तारा सहज एकत्र वाजतात. ग्रीगने १९०३ साली पियानोसाठी छापलेल्या ‘स्लोटर’ या सुरावटी याच वाद्यावरच्या. क्नुट डाले या वादकाकडून ऐकून योहान हाल्वोर्सेनने त्या लिहून काढल्या होत्या. तारा लावायच्या वीसहून अधिक पद्धती आहेत. नेहमीची पद्धत ए-डी-ए-ई.

साध्या व्हायोलिनची जी-डी-ए-ई ही डी ला सा धरलं तर म-सा-प-रे होते, आणि आपल्याकडे बरेच जण तसंच लावतात. ए-डी-ए-ई म्हणजे प-सा-प-रे. फरक फक्त जाड तारेचा: म चा प करायचा. तरफेच्या तारा बहुधा सा-रे-ग-प अशा, पाचवी असली तर मंद्र ध.

पण जाड तार जी वरून ए ला चढवू नका. दोन अर्धस्वर चढवले की ताण सुमारे २६ टक्के वाढतो. तार जुनी असेल तर तुटते, नवी असेल तर घोडी शेपटाकडे नाहीतर पुढे कलते. त्यापेक्षा जी तशीच ठेवून बाकीच्या तीन एकेक स्वर उतरवा: डी चा सी, ए चा जी, ई चा डी. झालं जी-सी-जी-डी, तेच प-सा-प-रे, सा पांढरी एक. अलगूजही त्याच सुरात छाटलंय, दोन्ही एकत्र वाजतील.

तीन तारा एकदम ढिल्या करायच्या नाहीत. एक उतरवा, घोडी सरळ उभी आहे ना ते बघा, मग दुसरी. सगळ्याच सैल पडल्या तर आतला साउंडपोस्ट (पोटातली आधाराची काडी) पडतो आणि तो उभा करायला कारागीरच लागतो. जून ते सप्टेंबर खुंट्या फुगून अडकतात. जोर लावून फिरवली की खुंटीची मान तुटते, म्हणून आधी खुंटी किंचित बाहेर ओढून सैल करा. पावसाळ्यात सरस मऊ होऊन पोटाच्या सांधी उघडतात, तेव्हा व्हायोलिनच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४५ ते ६० टक्क्यांत राहिला तर निश्चिंत.

घोडी घासून सपाट करायचा मोह होईल. करू नका, व्हायोलिन नंतर दुसऱ्या कशाच्या उपयोगाचं राहत नाही. गज दोन तारांच्या मधल्या पातळीवर ठेवायचा सराव करा: आधी मोकळ्या सा-प वर लांब गज, मग प तारेवर पहिलं बोट फिरवत शेजारची सा मोकळी वाजती ठेवायची. तरफ नाही, तर तानपुरा हातभर अंतरावर त्याच सुरात लावून ठेवा. सा वर गज ओढून झटकन उचला, तानपुऱ्याच्या तारा मागे गुणगुणत राहतील. तो गुणगुणाट ऐकायला पंखा बंद करावा लागतो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

ठेका

स्प्रिंगार तीन मात्रांचा नाच, पण तिन्ही मात्रा सारख्या नाहीत. टेलेमार्क भागात लांब-मध्यम-आखूड, वाल्ड्रेस भागात आखूड-लांब-मध्यम. दादऱ्याच्या हिशेबात बसवायला गेलात तर फसाल.

सुरुवातीला कुबडी म्हणून मेट्रोनोम २४० वर लावा आणि बारा टिकटिकींचं एक आवर्तन धरा: ५, ४, ३. प्रत्येक गटाच्या पहिल्या टिकेला टाळी. घुमट हाताशी असेल तर उत्तम: पाचाच्या गटाला कातड्यावर खुली थाप आणि मागच्या तोंडावरचा डावा हात मोकळा, चाराला दाबून बंद थाप, तीनाला कडेला नुसतं बोट. पंधरा मिनिटांनी मेट्रोनोम बंद करा. खऱ्या नाचात फरक ५:४:३ पेक्षा थोडा कमीच असतो, आणि मोजत राहिलात तर ती बारा मात्रांची लयकारी होऊन बसते. एक मात्रा लंगडी आहे हे पायाला कळलं पाहिजे, डोक्याला आकडा कळून उपयोग नाही. शेवटची आखूड मात्रा पुढच्या लांबीवर पडल्यासारखी वाटली की बसलं. ती पडत नसेल तर तुमच्या तिन्ही मात्रा पुन्हा सारख्या झाल्या आहेत, हे जवळजवळ नक्की.

ऐकताना

आता ‘ओपस ४२’ लावा, नॉर्डिक व्हॉइसेस या ऑस्लोच्या सहा गायकांचं ध्वनिमुद्रण. वाद्य एकही नाही. फोनच्या स्पीकरवर नको, उपस्वर तिथे मरतात. हेडफोन किंवा दोन बरे स्पीकर, आणि फरशीची रिकामी खोली नको.

पहिल्यांदा काही न लिहिता ऐका. दुसऱ्यांदा कागदावर वेळेची रेघ ओढा, दर १० सेकंदाला खूण, आणि फक्त तीन गोष्टी टिपा: आवाज कुठे जाड होतो, कुठे पातळ, आणि कुठे एकाच लांब स्वराच्या वर दुसरा शिट्टीसारखा स्वर तरंगतो. तो उपस्वर-गायनाचा, त्याला टिंब द्या. तिसऱ्यांदा अलगूज हातात घेऊन ऐका. षड्ज सापडला की ध्वनिमुद्रण थांबवा आणि शंका आलेला स्वर अलगुजावर शोधा. षड्ज बहुधा पांढरी एक नसेल, म्हणून स्वराचं नाव शोधू नका, सा पासूनचं अंतर शोधा. तोरेसेन यांनी ओलाव अंतोन तोमेसेन यांच्याबरोबर १९७० च्या दशकात कानाने विश्लेषण करायची जी पद्धत बांधली, तिच्यातही स्वरलिपी नंतर येते, आधी ऐकलेल्या नादाचा आकार कागदावर उतरतो.

कंठसंगीतानंतर त्यांची एकट्या व्हायोलिनची ‘युर’ (Yr) ही रचना घ्या. तिथे पहिल्यांदा फक्त गजाकडे लक्ष द्या: किती वेळ एकच तार, किती वेळ दोन. व्हायोलिन शिकणारे सोबत असतील तर त्यांना जी-सी-जी-डी लावलेलं वाद्य मांडीवर देऊन बसवा. वाजवू नका म्हटलं तरी त्यांची बोटं हलतातच. स्वरलिपी हवी असेल तर नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे नॉर्वेजियन रचनाकारांच्या स्वरलिप्या मिळतात. ती उघडली की आधी चिन्हांची सूची वाचा, पाव-स्वराचे बाण तिथे समजावलेले असतात.

उठण्याआधी व्हायोलिन मूळ सुरात चढवायचं: आधी डी, मग ए, शेवटी ई. बारीक तार खुंटीने अर्ध्या स्वरापर्यंतच आणा, उरलेलं शेपटाच्या फाइन ट्यूनरने. दुसऱ्या दिवशी सूर उतरलेला सापडेल, तार ताणायला तेवढा वेळ घेतेच.