उभ्या ट्रकला, ट्रॉलीला गाडी धडकली? क्लेम घालवणाऱ्या या चुका टाळा

"मागून ठोकलं म्हणजे चूक मागच्याचीच." हे वाक्य मी जवळपास दर आठवड्याला ऐकतो. आणि वाईट याचं वाटतं की बोलणारा बहुतेक वेळा ज्याच्या घरचा माणूस गेलाय तोच असतो, म्हणजे आपला हक्क तो स्वतःच सोडून देत असतो. अपघाताच्या क्लेमच्या फायलींमध्ये माझी पंधराएक वर्षं गेलीत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

कायदा तसं म्हणत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 प्रमाणे धोका किंवा अडथळा होईल अशा जागी वाहन उभं करून ठेवता येत नाही. 2018 साली एका केसमध्ये गॅस टँकर रस्त्याच्या मध्येच लाइट-इंडिकेटर न लावता उभा होता आणि त्यावर कार आदळली, हायकोर्टाने चूक निम्मी-निम्मी धरली होती, सुप्रीम कोर्टाने ते बदलून सगळी चूक टँकरवर टाकली. पण त्याच वर्षी दुसरा निकाल आला, पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला आणि मागची कार जेमतेम दहा-पंधरा फुटांवर होती, तिथे चूक कारच्या ड्रायव्हरची ठरली. म्हणजे सगळं येतं कशावर, तर त्या क्षणी रस्त्यावर नेमकं काय होतं आणि ते तुम्ही दाखवू शकता का यावर. आणि हायवेवरची जागा दोन-तीन तासांत साफ होते.

फिर्याद आणि पंचनामा न वाचता सही करणं. ही सगळ्यात महाग चूक. एक केस सांगतो. थंडीतली रात्र, उसाची डबल ट्रॉली, टायर फुटलं म्हणून ड्रायव्हरने ती आहे तिथंच डांबरावर उभी केली आणि टायर आणायला गेला. मागे लाइट नाही, एक लाल रिफ्लेक्टर होता तो लोंबणाऱ्या उसाने झाकलेला. नवरा-बायको कारने घरी चालले होते, नवरा जागीच गेला. फिर्याद दिली त्याच्या भावाने, हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून, जो स्वतः तिथं नव्हता. कागदावर लिहिलं गेलं "रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीस पाठीमागून धडक दिली". त्या अवस्थेत कोण वाचणार, केली सही. सकाळी पंचनाम्याला पोलीस आले तोवर ट्रॉली साईडपट्टीवर घेतलेली, म्हणून पंचनाम्यातही "कडेला"च. त्या एका शब्दावर समोरच्या वकिलाने भावाला उलटतपासणीत अर्धा तास उभा केला.

वाचवलं एका फोटोने. मागून आलेल्या दुधाच्या गाडीवाल्याने मोबाईलवर एक फोटो काढला होता, तो आम्हाला सात आठवड्यांनी सापडला. फोटो हललेला, पण त्यात कडेची पांढरी पट्टी ट्रॉलीच्या खालून गेलेली दिसत होती आणि उजवी चाकं सरळ लेनमध्ये. त्यावर पुरवणी जबाब झाला, दूधवाला साक्षीला आला. तरी पंचवीस टक्के चूक कारवर धरलीच, म्हणजे भरपाईतून तेवढी रक्कम कापली गेली. त्या बाईंना दोन लहान मुलं आहेत, ते पंचवीस टक्के मला अजून टोचतात.

म्हणून माझी सवय सांगतो. आधी जखमीला हलवा, त्यात तडजोड नाही. मग मागे राहिलेल्या कुणीतरी एकाने गाड्या हलायच्या आत फोटो काढायचे, आणि ते चेपलेल्या बॉनेटचे नकोत, पांढरी पट्टी, चाकं आणि किलोमीटरचा दगड एकाच फोटोत आले पाहिजेत. शंभर पावलं मागे जाऊन तिथून अडथळ्याकडे चालत एक व्हिडिओ, म्हणजे लांबून काय दिसत होतं ते कळतं. आणि फिर्यादीत चुकीचं लिहिलं गेलं असेल तर पुरवणी जबाब लगेच द्या, वर्षाने सुचलेल्या गोष्टीवर कोर्ट विश्वास का ठेवेल?

फक्त ट्रॅक्टरचा नंबर घेणं. ट्रॉलीचा नंबर वेगळा असतो, तोही लागतो. दोन्हींचा इन्शुरन्स तपासा.

सोबत बसलेल्यांनी ड्रायव्हरची चूक स्वतःवर घेणं. मागच्या सीटवरच्या माणसाने काय चूक केली? सुप्रीम कोर्टाच्या 2015 च्या निकालाप्रमाणे दोन वाहनांची मिळून चूक असेल तर तिसऱ्या माणसाला कुठल्याही एकाकडून पूर्ण भरपाई मागता येते. 2024 मध्ये हायवेच्या मध्ये सोडलेल्या ट्रेलरच्या केसमध्येही सुप्रीम कोर्टाने ड्रायव्हरची चूक प्रवाशांच्या माथी मारता येणार नाही असं सांगितलं.

"बघू नंतर" म्हणून थांबणं. 1 एप्रिल 2022 पासून क्लेमला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका, तेराव्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात कागद गोळा करायला लागा.

मिटवून टाकणं. रस्त्यावर चार माणसं जमतात, गाडीमालक थोडे पैसे पुढे करतो, स्टॅम्प पेपर येतो. घाई झालेल्या नव्या पोरांना हा शॉर्टकट फार आवडतो. डोक्याला मार असेल तर खरा खर्च तीन महिन्यांनी कळतो, मला हा प्रकार अजिबात पटत नाही.

रेतीचा ढीग किंवा बॅरिकेड नसलेलं खोदकाम असेल तर दाव्याचा मार्ग वेगळा आहे. तिथे समोर दुसरं वाहनच नाही, त्यामुळे एमएसीटीत, म्हणजे अपघाताचे क्लेम चालतात त्या न्यायाधिकरणात, महापालिकेवर थेट दावा टिकवणं अवघड जातं. ठेकेदारावर, महापालिकेवर दिवाणी दावा करावा लागतो, सरकारी खातं असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस, आणि महापालिकेच्या कायद्यात नोटिशीचे आणि मुदतीचे नियम वेगळे आहेत, ते वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. खड्डे आणि उघड्या मॅनहोलसाठी मात्र मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर 2025 मध्ये मृत्यूला 6 लाख आणि जखमीला 50 हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली आहे. गाडीमालक स्वतः चालवत असेल तर पॉलिसीतलं 15 लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हरही बघा, लोक ते विसरतातच.

आता दुसरी बाजू, तुमचीच गाडी बंद पडली तर. बंद पडली म्हणजे तिचा "वापर" संपला असं समजू नका. पुणे-बंगळूर हायवेवर 1987 साली उलटलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला, तरी सुप्रीम कोर्टाने 1991 मध्ये तो वाहनाच्या वापरातूनच झालेला अपघात धरला. त्यामुळे हॅझार्ड लाइट लावा, गाडीसोबत येणारा लाल त्रिकोण भरपूर मागे ठेवा, नुसती फांदी तोडून टाकू नका.

आणि ते दगड. टायरखाली आणि मागे मोठे दगड लावायचे, काम झालं की गाडी चालू करून निघून जायचं, दगड रस्त्यातच. मी एकाच पावसाळ्यात अशा दोन फायली पाहिल्या, दोन्हीत बाईकवाली पोरं, आणि दोन्हीत ट्रक कोणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणजे दावा करायला समोर कोणी नाहीच. स्टेपनी बदलून झाली की आधी दगड साईडपट्टीच्या पलीकडे टाका, मग गाडी स्टार्ट करा.