पेपर तपासताना या चुका टाळा (नवीन शिक्षकांनो, खास तुमच्यासाठी)

परीक्षा संपली की स्टाफरूममध्ये दरवेळी तेच बघते. नवीन सर गठ्ठा घेऊन बसतात, वरचा पेपर उचलून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासतात आणि मग दुसरा घेतात. कितीही सांगा, कोणी ऐकत नाही, कारण एकेक पेपर हातावेगळा झाला की बरं वाटतं ना.

एका सरांनी असाच गठ्ठा उडवला. पेपर वाटल्यावर दोन मुली उत्तरपत्रिका शेजारी शेजारी धरून हजर. बाष्पीभवनाचा वेग कशावर अवलंबून असतो, चार मार्क. दोघींनी तेच चार मुद्दे लिहिलेले, तापमान, पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, वारा, हवेतली आर्द्रता. एकीला साडेतीन आणि दुसरीला दोन! सर अक्षराबद्दल काहीतरी पुटपुटले, पण खरं कारण असं की एकीचा पेपर सकाळी ताज्या डोक्याने तपासलेला आणि दुसरीचा रात्री झोप आवरत, तोही वर्गातल्या सगळ्यात हुशार पोराच्या लगेच नंतर. त्याच्यापुढे तिचं उत्तर फिकं वाटलं, बस.

म्हणून मी आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासते, मग सगळ्यांचा दुसरा, आणि प्रत्येक प्रश्नाला गठ्ठा उलटा करते म्हणजे खालचे कायम खालीच राहत नाहीत. नावाचं पान मागे दुमडलेलं. कुठल्या मुद्द्याला किती मार्क हे आधीच कागदावर लिहून ठेवते आणि सुरुवातीच्या काही पेपरांवर मार्क पेन्सिलीनेच, कारण पोरं असं काहीतरी बरोबर लिहितात जे आपल्याला सुचलेलंच नसतं.

दुसरी डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे गणितात शेवटचं उत्तर बघून भोपळा देणं. जमिनीचं क्षेत्रफळ 17 गुणिले 8, पोराने 136 च्या जागी 126 लिहिलं आणि पुढे त्या 126 वरून फरशीचा खर्च अगदी बरोबर काढला. चूक एकदा झाली, मार्क एकदाच कापा, पुढच्या स्टेपचे द्या. हां, चुकीमुळे पुढचं गणितच सोपं होऊन बसलं असेल तर गोष्ट वेगळी. पण हे कळायला स्टेप वाचाव्या लागतात आणि घाई असलेल्यांना तेच नको असतं.

बाकी किरकोळ. पुरवणी आहे का बघा. कोऱ्या पानावर तिरकी रेघ मारा. ‘कोणतेही तीन’ असताना चार लिहिले तर काय करायचं ते तपासायला बसण्याआधीच विचारून घ्या. पासला एक मार्क कमी पडला तर तो पेपर पुन्हा वाचा, उगाच कुठेतरी अर्धा अर्धा चिकटवू नका.

आणि बेरीज स्वतःच दोनदा करून काही होत नाही, डोळ्याला तीच चूक बरोबर दिसते. आतल्या पानांवरच्या मार्कांवरून शेजारच्या मॅडमना करायला द्या, त्यांची तुम्ही करा.