नोटबुकची लिंक देताना ब्रँचची नको, कमिटची द्या
ज्युपिटर नोटबुक (कोड, आलेख आणि मजकूर एकत्र असलेली फाईल) गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकून लिंक कुणाला पाठवायची असेल तर मेन ब्रँचची (म्हणजे सतत बदलत राहणाऱ्या मुख्य प्रतीची) देऊ नका, कारण उद्या तुम्ही एखादा सेल (कोडचा तुकडा) बदललात की समोरच्याला त्याच लिंकवर वेगळाच आलेख दिसणार आणि मग दोघंही वेगवेगळ्या गोष्टीवर बोलत बसणार. त्यापेक्षा गिटहबवर ती फाईल उघडायची आणि कीबोर्डवर नुसतं वाय दाबायचं, अ‍ॅड्रेसमधलं ब्रँचचं नाव जाऊन तिथे कमिटचा (जतन केलेल्या त्या व्हर्जनचा) लांबलचक हॅश, म्हणजे ओळख-क्रमांक येतो, मग ती लिंक त्याच व्हर्जनला चिकटून राहते.

फक्त वाचायला द्यायचं असेल तर हीच लिंक एनबीव्ह्यूअर या नोटबुक दाखवणाऱ्या साइटमध्ये टाका, पुरेसं आहे. समोरच्याने चालवून बघावं असं वाटत असेल तर बाइंडर (ब्राउझरमध्येच नोटबुक चालवून देणारी सेवा), तिथेही ब्रँचच्या जागी तोच हॅश. पण लक्षात ठेवा, हॅशने फक्त रेपोमधल्या (गिटहबवरच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या) फाईली गोठतात, लायब्ररी नाही! रिक्वायरमेंट्स फाईलमध्ये (लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीत) पांडाज वगैरे लायब्ररींचे नेमके व्हर्जन नंबर लिहिले नसतील तर पुढे कधीतरी बाइंडर नवीन व्हर्जन घेऊन बिल्ड करेल आणि चालणारा कोड मधेच एरर देईल. डेटा बाहेरून घेतलेला असेल तर त्याचंही तेच, म्हणून लहान असेल तर रेपोतच ठेवा.

आणि कमिटच्या आधी कर्नल (नोटबुकचा कोड चालवणारा भाग) रिस्टार्ट करून सगळे सेल वरपासून खालपर्यंत एकदा चालवाच, आउटपुटमध्ये कुठे एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) छापली गेलीय का तेही बघा, नंतर डिलीट केलीत तरी जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. पेपरमध्ये द्यायची असेल तर झेनोडो (संशोधनाच्या फाईली जपून ठेवणारी साइट) गिटहबला जोडून रिलीज काढा, डीओआय म्हणजे संदर्भात देता येणारा कायमचा ओळख-क्रमांक मिळतो.